तिसऱ्या मजल्यावरचं वाचनालय

तालुक्याच्या एका गावातून ५४ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून मुद्दा एवढाच : गावाच्या मध्यावर शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे. दगडी जोतं, कौलारू छप्पर, पुढे अंगण आणि अंगणात जुना वड. वडाखाली चहाची टपरी, एक चपला शिवणारे काका, एक झेरॉक्स-टायपिंगवाला. नगरपरिषदेला तिथे चार मजली व्यापारी संकुल बांधायचं आहे. खाली गाळे, वर कार्यालयं आणि वाचनालयाला तिसऱ्या मजल्यावर ‘अद्ययावत अभ्यासिकेसह’ हॉल. वड जाणार. गावातल्या मुलांनी ‘वाचनालय वाचवा’ असा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात २१२ जण आहेत. पहिल्या बैठकीला ११ आले आणि त्यांनी एकमुखाने या ताईंना अध्यक्ष व्हायला सांगितलं. अडचण अशी की संकुलाचा ठराव मांडणारे नगरसेवक त्यांचे सख्खे चुलत दीर. गौरी-गणपती एकाच घरी. या दिरांच्या ८२ वर्षांच्या आईंचं पुस्तक दर आठवड्याला वाचनालयातून बदलून आणतात त्याही याच ताई. यजमानांचं बाजारपेठेत औषधांचं दुकान आहे. ते म्हणतात, ‘सही कर, पण पुढे होऊ नकोस.’ पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘आई, आता कोण वाचतं?’ टपरीवाले गाळ्याच्या आमिषाने विकले गेले, असं ताईंना वाटतं. त्या विचारतात : ‘वाचनालय वाचवायला गेले तर घर दुभंगतं. घर सांभाळलं तर त्या अंगणातून मान वर करून जाता येणार नाही. मी काय करू?’

ताई,

एस.टी. स्टँडजवळच्या आधीच्या संकुलाच्या पायऱ्या तुम्ही मोजून आलात. तिसऱ्या मजल्यापर्यंत ६६. लिफ्टच्या जागेत कुणीतरी सायकली लावून ठेवल्यात. हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, ता.क. म्हणून लिहिलंय. माझ्या मते पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. बाकी चार पानांत ‘वारसा’, ‘अस्मिता’, ‘पूर्वजांचा ठेवा’ हे शब्द आहेत. ते खोटे नाहीत, पण त्यांना सभागृहात उत्तर फार सोपं असतं : ‘वारसा आम्हालाही प्रिय आहे, म्हणून तर नव्या इमारतीला जुनंच नाव देतोय.’ टाळ्या पडतात, विषय मंजूर. ६६ पायऱ्यांना मात्र असं उत्तर देता येत नाही. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांपैकी किती जण त्या चढतील, हे विचारलं की समोरच्याला कागद शोधावा लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही दोनच वाटा मांडल्यात : अध्यक्ष व्हायचं किंवा गप्प बसायचं. मोहिमेत अध्यक्षपदाखेरीज काही काम नसतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? त्या अकरा जणांनी तुमचंच नाव का घेतलं? तुमच्या शब्दाला गावात मान आहे, हे एक कारण. आणि रागावू नका, पण त्यातल्या एखाद्याच्या मनात हेही असेल की नगरसेवकाच्याच घरातली बाई समोर उभी केली की दुसऱ्या दिवशी बातमी होते. ‘वहिनींचं दिराला आव्हान’ छापाची. बातमी एक दिवस चालते, गौरी-गणपती दरवर्षी येतात. पदाचं नंतर बघू. त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी, आणि बहुतेक मोहिमा तिथेच घसरतात.

‘वाचनालय वाचवा’ म्हणजे नक्की काय वाचवा? संस्था, इमारत, अंगण की वड? तुमच्या मनात हे सगळं एकच आहे, कारण दहाव्या वर्षापासून तुम्ही ते एकत्रच पाहिलंय. सरकारी कपाटात मात्र या चौघांच्या चार वेगळ्या फायली आहेत, वेगवेगळ्या कार्यालयांत. संस्था वाचून इमारत जाऊ शकते. इमारत वाचून अंगणात गाळे होऊ शकतात. सगळं वाचून वड जाऊ शकतो. त्यातलं तुम्हाला कशावाचून चालणारच नाही आणि कशावर तडजोड चालेल, हे अकरा जणांनी एका बैठकीत बसून ठरवा. भांडणं होतील, होऊ द्या. ती आत्ता झालेली बरी.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा की वाचनालय आहे कोणाचं? पत्रात तुम्ही ‘नगरपरिषदेचं’ असं लिहिलंय, आणि दोन परिच्छेदांनंतर ‘विश्वस्तांनी विरोध केला नाही’ असंही लिहिलंय. विश्वस्त आहेत म्हणजे संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. आपल्याकडची बहुतेक जुनी वाचनालयं तशीच आहेत. मग धर्मादाय कार्यालयातून तिचं परिशिष्ट एक काढा. संस्थेच्या नावावर कोणती स्थावर मिळकत आहे ते त्यात लिहिलेलं असतं. दुसरा कागद नगर भूमापन कार्यालयातला : मिळकत पत्रिका. जागेवर संस्थेचं नाव आहे की नगरपरिषदेचं, की सरकारची जागा भाडेपट्ट्याने दिलेली आहे, ते तिथे कळेल. जागा न्यासाची निघाली तर खेळच बदलतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला, बक्षीस द्यायला किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्तांनी चहा पिता पिता मान डोलावली, एवढ्याने ते होत नाही.

यातूनच एक अवघड प्रश्न येतो. तुमच्या ग्रुपमधल्या २१२ जणांपैकी वाचनालयाचे सभासद किती? मला वाटतं, पंधरा-वीस निघाले तरी पुष्कळ. ‘वाचनालय वाचवा’ म्हणणाऱ्याने वाचनालयाची वर्गणी भरलेली नसावी, याच्याइतकं बळ समोरच्या बाजूला दुसरं कशाने मिळत नाही. भाऊजी पहिल्याच सभेत हे विचारतील. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं. म्हणून सह्यांच्या मोहिमेआधी सभासदांची मोहीम घ्या. सभासद झालं की वार्षिक सर्वसाधारण सभेत बसता येतं आणि विश्वस्तांना इतिवृत्तात नोंद होईल असा प्रश्न विचारता येतो. मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाच्या सभासदाला आहे, ते संस्थेच्या घटनेत बघा. घटनेची प्रत ग्रंथपालांकडे असते. ती बहुधा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली सापडेल.

सह्यांबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. आमच्या भागात एका मैदानाचं आरक्षण बदलायचं घाटत होतं. आम्ही घरोघर फिरलो, नऊशेच्या वर सह्या जमवल्या, बाइंड केलेला गठ्ठा वाजतगाजत नेऊन दिला, फोटो काढले. सुनावणीच्या दिवशी यादी भिंतीवर लागली. तिच्यात आमचा गठ्ठा एका ओळीत होता : ‘हरकत क्र. १४, अमुक तमुक व इतर.’ नऊशे माणसं ‘व इतर’ झाली होती. शेजारच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानदाराने आपल्या पाच भावांच्या नावाने पाच वेगळे अर्ज दिले होते, त्याच्या पाच हरकती मोजल्या गेल्या. त्या दिवसापासून मी सामूहिक निवेदन फक्त फोटोसाठी देते. हरकत मात्र प्रत्येकाची वेगळी, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सहीची. आणि आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हटलं तर बाकावर बसून राहायचं. पोहोच नाही तर अर्ज दिलाच नाही.

मुदतीचंही तसंच. विकास आराखड्यात तुमच्या जागेवर काय दाखवलंय ते बघायला भाग नकाशा आणि झोन दाखला काढा, नगररचना विभागात मिळतो. तिथे ‘वाचनालय’ किंवा सार्वजनिक वापर अशी नोंद असेल आणि ती बदलून व्यापारी करायची असेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. त्यात जाहीर सूचना येते आणि हरकतींना एक महिना मिळतो. सूचना वर्तमानपत्रात छापतात, पण ती तुमच्या घरी येणाऱ्याच वर्तमानपत्रात असेल असं नाही. आमच्या वेळी ती ज्या अंकात आली तो अंक आमच्या अख्ख्या गल्लीत कोणी घेत नव्हतं. गंमत बघा, तुमची मोहीम वाचनालयाची आहे आणि वाचनालयात सगळी वर्तमानपत्रं येतात. दोन मुलांना रोज सकाळी जाहीर सूचनांचं पान वाचायचं काम द्या.

नगरपरिषदेच्या कागदांसाठी माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस. ‘संकुलाबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, ‘मागणी मोघम आहे’ असं उत्तर येईल. ठराव क्रमांक, सभेची तारीख, इतिवृत्ताची प्रत, अंदाजपत्रक, नकाशा आणि इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल, असं एकेक मागा. त्याहून सोपं म्हणजे फाइल बघायला मागा. कायद्यात अवलोकनाचा हक्क आहे. समोर फाइल उघडली की कोणता कागद नाही हे दिसतं, आणि नसलेला कागद बरेचदा असलेल्यापेक्षा कामाचा असतो.

ठरावच नियमबाह्य आहे असं कागदांवरून दिसलं, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. उच्च न्यायालय शेवटचं. आधी तिथे धावू नका असं मी म्हणते, पण शेवटपर्यंत थांबूही नका. मुंबईत आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती, ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. झाडाच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे सगळंच.

वडाबद्दल म्हणून वेगळं लिहिते. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यात ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटलं आहे. तुमचा वड त्यात सहज बसतो. त्याचं वय ठरवून नोंद करून घ्या, तीही तोडीचा अर्ज येण्याआधी. जुन्या सभासदांकडे वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाचे फोटो असतील, त्यात मागे वड दिसेल. खोडाचा घेर, आज, टेप लावून, तारखेसह फोटो. वृक्षतोडीची परवानगी मागितली की झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीला मिळतात ते दिवस बोटांवर मोजण्यासारखे असतात. वडाखाली रोज बसणारं कोण? चपला शिवणारे काका. नोटीस लागली तर ती आधी त्यांनाच दिसणार.

आणि तुम्ही म्हणताय, ते विकले गेले.

इथे मला तुम्हाला जरा थांबवावंसं वाटतं. चहावाला, काका आणि झेरॉक्सवाला हे तिघं वडाखाली किती वर्षं बसताहेत? त्यांच्याकडे पावती आहे का? दरवर्षी अतिक्रमणाची गाडी आली की सामान उचलून पळणारी माणसं ही. त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं की तुला शटरचा गाळा देतो, वीज मीटरसकट. त्यांनी ‘नको, मला वारसा हवा’ म्हणावं अशी आपली अपेक्षा आहे का? त्यांच्याशी तुम्ही बोललात, असं पत्रात कुठेही नाही. त्यांच्याविषयी बोललात, एवढंच आहे. जा, टपरीवर बसून चहा घ्या आणि विचारा : गाळा देणार असं लेखी मिळालंय का? अनामत किती? लिलाव आहे की थेट वाटप? बांधकाम चालू असताना दोन वर्षं कुठे बसणार? गाळ्यांचा लिलाव व्हायचा असेल तर चपला शिवून पोट भरणारा माणूस बोली कितीची लावणार, हे त्यांनाही कळतंय, फक्त मोठ्याने कोणी विचारलेलं नाही. आणि या तिघांची गिऱ्हाईकं वाचनालयातलीच आहेत हेही विसरू नका. अभ्यासाला बसणारी मुलं उठून चहाला येतात, अर्ज झेरॉक्सला आणतात. तुमच्या पर्यायी आराखड्यात या तिघांना वडाखाली अधिकृत, पावतीची जागा असेल तर ते तुमच्याकडे येतील. नसेल तर येऊ नयेत, असं माझं मत आहे.

पर्यायी आराखडा म्हणाले, कारण नुसतं ‘नको’ फार काळ टिकत नाही. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर महामार्गात चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड जाणार होता. लोक झाडाभोवती उभे राहिले, समाजमाध्यमांवर गाजावाजा झाला, राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरींना लिहिलं. महामार्ग रद्द झाला नाही, त्या ठिकाणची आखणी थोडी बदलली. मागणी रस्ता नको अशी नव्हती, झाड सोडून रस्ता न्या अशी होती. तुमच्या गावाला गाळे हवेच असतील तर ते दुसरीकडे कुठे होतील? स्टँडजवळच्या त्या संकुलात वरच्या मजल्यांवर किती गाळे बंद आहेत, ते मोजलंत का? पायऱ्या मोजल्यात तशी शटरंही मोजा. अर्धी शटरं बंद निघाली तर तुम्हाला भाषण करायची गरजच पडणार नाही.

पण इमारतीच्या बाबतीत तुम्हालाही एक तयारी ठेवावी लागेल. ती खरोखर धोकादायक असेल तर? ‘अजून शंभर वर्षं हलणार नाही’ असं तुम्ही लिहिलंय. हे कोणत्या अभियंत्याने सांगितलं? माळ्यावर चढून वासे बघितलेत? भिंतीला हात लावून बघा. जोत्याच्या वर हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरी भुकटी दिसत असेल तर भिंतीत ओल चढते आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर मागे कधीतरी कोणीतरी प्रेमाने सिमेंटचं प्लॅस्टर केलेलं असतं. चुना श्वास घेतो, सिमेंट घेऊ देत नाही, पाणी आतच कोंडतं आणि वाशाची टोकं भिंतीत कुजतात. हे दुरुस्त होतं, पण चुन्याचं काम जाणणारा माणूस लागतो. नगरपरिषदेच्या अहवालावर विश्वास नसेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या वास्तुविशारदाकडून दुसरा अहवाल घ्या, वर्गणी काढून घ्या. त्यातही ‘धोकादायक’ असंच आलं तर ते लपवू नका. लोक आत बसतात. मग मागणी बदला : जुनी इमारत उतरवावी लागली तरी वाचनालय तळमजल्यावरच, अंगण आणि वड जागेवर, आणि मधल्या काळात पुस्तकं कुठे राहतील ते लेखी.

तुमच्या चिरंजीवांना आता. ‘कोण वाचतं?’ हा प्रश्न उद्धट नाही, तो मोजता येतो. पंधरा दिवस दारात वही ठेवा. येणाऱ्याचं वय, वेळ, कशासाठी आले. माझा अंदाज आहे की कथा-कादंबऱ्या नेणारे कमी निघतील आणि सकाळी सातपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसणारी मुलंमुली जास्त. त्यांतल्या मुलींना तर विचाराच. गावात दुसरीकडे कुठे एकटीने पाच तास शांत बसता येतं? आपल्याकडे वाचनालयं उगीच उभी राहिली नाहीत. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या आणि २०२१ च्या पुरात त्यात पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला, आणि दोन्ही वेळा माणसांनी ते पुन्हा उभं केलं. तिथे ‘कोण वाचतं’ हे विचारायला कोणी थांबलं नाही. तुमच्या वहीतला आकडा मात्र वीस-बावीसवर अडकला, तर मुलाचं थोडं ऐकावं लागेल आणि मोहिमेचा पहिला खर्च बॅनरवर न करता पंख्यांवर आणि बायकांच्या स्वच्छतागृहावर करावा लागेल.

आता घर. यजमान म्हणतात ‘सही कर, पुढे होऊ नकोस’, त्याला तुम्ही भित्रेपणा म्हटलंय. मला तो भित्रेपणा वाटत नाही. बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्याला दोन्हीकडची गिऱ्हाईकं असतात. त्यांनी सहीला ना केलेली नाही, हेच पुष्कळ आहे. आणि माझंही मत तुम्ही अध्यक्ष होऊ नये असंच आहे, पण वेगळ्या कारणाने. तुम्ही अध्यक्ष झालात की वाचनालयाचा प्रश्न मागे पडून ‘वहिनी विरुद्ध दीर’, ‘जाऊबाईंचं जुनं भांडण’, ‘वाड्याची वाटणी’ असल्या गोष्टी गावात सुरू होतील. अध्यक्ष कोणीतरी असा शोधा की ज्याचा कुठल्याच बाजूला नातेसंबंध नाही आणि सगळ्या पक्षांची माणसं ज्याच्या घरी चहाला जातात. कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात कृती समिती सर्वपक्षीय होती, एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती आणि मागे व्यापारी, तालमी, बायका, रिक्षावाले सगळे होते. कित्येक वर्षं चाललं, २०१५ अखेर टोल रद्द झाला. एका घराचं किंवा एका पक्षाचं आंदोलन इतकं टिकलं नसतं.

तुम्ही कागद सांभाळा. कोणता अर्ज कधी दिला, पोहोच कुठे आहे, मुदत कधी संपते, अपील कधी करायचं. चार पानी पत्रात एकही खाडाखोड नसलेल्या माणसाचं हे काम आहे. पायऱ्या मोजणाऱ्या माणसाचंही. आणि पहिल्याच बैठकीत उघड सांगून टाका : ठराव मांडणारे माझे दीर आहेत, मी त्यांच्याशी बोलणार आहे, काय बोलले ते तुम्हाला सांगणार आहे. दुसऱ्याने शोधून काढलेलं नातं आणि आपण सांगितलेलं नातं यांत फार फरक पडतो.

ग्रुपवर एक नियम मात्र कडक ठेवा. ‘कमिशन खाल्लं’, ‘ठेकेदार कोणाचा’ असला मजकूर कोणी टाकला की लगेच काढायचा. पुरावा असेल तर तो योग्य जागी लेखी द्यावा. नसेल तर बदनामीची नोटीस आली की अकराचे चार उरतात, आणि वर ते तुमच्याच घरच्या माणसाविषयी लिहिलेलं असतं. अशा ग्रुपमधून स्क्रीनशॉट फुटतात, ते धरूनच चाला.

भाऊजींशी बोलाल तेव्हा वर्तमानपत्रात काही छापून येण्याआधी बोला. नंतर ती वाटाघाट होते, आधी ते घरचं बोलणं असतं. आणि हेही मनात ठेवा की त्यांनाही काहीतरी हवं आहे : पाच वर्षांत दाखवता येईल असं एक काम. माणूस निवडून येतो, लोक विचारतात काय केलं, आणि संकुलाची कोनशिला दिसते, वाचलेला वड दिसत नाही. जुन्या इमारतीची चुन्यात दुरुस्ती, मागच्या बाजूला एकमजली अभ्यासिका आणि वडाला पार, एवढं त्यांच्या कारकिर्दीत झालं तर कोनशिला त्यांच्याच नावाची लागू द्या. अकरांतल्या दोघांना हे आवडणार नाही. त्यांना विचारा, वाचनालय हवंय की श्रेय?

जिंकलात तर पुढचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मुंबईतलं ओव्हल मैदान रहिवाशांनी १९९० च्या दशकात न्यायालयात जाऊन सोडवलं आणि मग त्याची देखभाल त्यांच्याच अंगावर आली. ती वर्षानुवर्षं करावी लागली. तुमच्या छपराची दर मे महिन्यात शाकारणी कोण करणार? पैसे कुठून येणार? फुटलेली कौलं बदलायला आता माणूस तरी मिळतो का? दुसरीकडे, सार्वजनिक जागा सांभाळायला घेतलेल्यांनी हळूहळू तिला कुलूप लावून क्लब केल्याचीही उदाहरणं मुंबईत आहेत. वडाखालच्या काकांना ‘सुशोभीकरणा’साठी उठवणारे उद्या तुमच्याच समितीतले निघू शकतात. ती शक्यता आत्ताच बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.

येत्या सोमवारी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढायला दोघांना पाठवा. तुम्ही शनिवारी पुस्तक बदलायला जालच. ते द्यायला चुलत सासूबाईंकडे जाल तेव्हा भाऊजी घरी असतील अशी वेळ साधा, आणि चहा होईपर्यंत त्यांच्याकडे संकुलाचा नकाशा बघायला मागा. सासूबाईही बघतील. तिसऱ्या मजल्यावर किती पायऱ्या आहेत ते त्यांनीच विचारलं तर फारच उत्तम.